सतरा नंबरच्या दहा मुली

शिस्त म्हणजे काय, हे त्या संशोधन केंद्राला मी शिकवलं. ही बढाई आहे, हे मला कळतं. पण ऐंशी ओलांडल्यावर बाईच्या बढाया कुणी मनावर घेत नाही, आणि खोडून काढणारे साक्षीदारही फारसे उरलेले नसतात. तेव्हा बिनधास्त सांगते.

मी तिथे रुजू झाले तेव्हा चोवीस वर्षांची होते. हातात पशुपैदास शास्त्राची ताजी पदवी आणि अंगात पांढरा कोट. कोट माझ्या आधीच्या शास्त्रज्ञाच्या मापाचा होता. ते गृहस्थ सहा फुटी असावेत, कारण खिशात हात घालायचा तर मला वाकावं लागायचं. नेमणूक एका वर्षाची, तात्पुरती. वर्ष संपताना तज्ज्ञांची समिती येणार, माझं काम बघणार आणि मला कायम करायचं की घरी पाठवायचं ते ठरवणार. आधीचे दोघे घरी गेले होते. कोट त्यातल्या दुसऱ्याचा.

आता काम काय होतं ते सांगते, म्हणजे पुढचा घोटाळा नीट कळेल. वळू चांगला की वाईट, हे वळूकडे बघून कळत नाही. तो स्वतः काही दूध देत नाही. त्याच्या मुली किती दूध देतात, त्यावरून बापाची किंमत ठरते. आणि एका-दोघींवर भागत नाही, कारण एखादी नशिबानेच चांगली निघते. किमान दहा मुली लागतात. हा दहाचा नियम मी केंद्रात येईल त्याला ऐकवायची. एकदा पोस्टमनलाही ऐकवला. तो म्हणाला, "सही करा."

आमच्याकडे चार वळू होते. सतरा नंबर, एकोणीस नंबर, बावीस नंबर आणि एकतीस नंबर. प्रत्येकाच्या दहा मुली, चाळीसही पहिलारू, म्हणजे पहिल्यांदाच व्यालेल्या. वर्षभर त्यांचं दूध मोजायचं आणि चौघा बापांतला एक निवडायचा. निवडलेल्याचं रेत सगळ्या उपकेंद्रांना जाणार, आणि पुढची कित्येक वर्षं गावोगावच्या वासरांचा तो बाप ठरणार. उरलेले तिघे निकालात. निकालात म्हणजे नेमकं कुठे, असं मी एकदा विचारलं. गोठ्यातलं कुणीच बोललं नाही, तेव्हा कळलं.

पहिल्या दिवशी मी गोठ्यात पाऊल टाकलं आणि मला भोवळ यायची बाकी राहिली. गाई जशा व्यायल्या तशा आत आणून जिथे जागा असेल तिथे बांधल्या होत्या. सतराची मुलगी एकतीसच्या मुलीशेजारी, बावीसच्या मुली चारही रांगांत विखुरलेल्या. धार काढणारे चौघेजण. ज्याला जी गाय सापडेल तिची त्याने धार काढायची. गर्दीच्या घरात दारातल्या चपला असतात ना, अगदी तशी अवस्था.

"हे असं कसं?" मी विचारलं.

"असंच असतं, बाई," धारकाका म्हणाले.

धारकाका म्हणजे त्या चौघांतले सगळ्यात वडील. अंगाने काटकुळे, चालण्यात सावकाश, आणि हात मात्र लोहाराचे शोभतील एवढे मोठे. त्यांचं खरं नाव फक्त पगारपत्रकाला ठाऊक होतं.

"मी हे सगळं नीट लावणार आहे," मी म्हणाले.

"गाईंना त्याचा काही त्रास नाही."

"मला आहे."

तीन दिवस खपून मी गोठा लावला. एका बापाच्या दहा मुली एका रांगेत. प्रत्येक रांगेवर पाटी, रंगाऱ्याकडून रंगवून घेतलेली: 'सतरा नंबरच्या कन्या', 'एकोणीस नंबरच्या कन्या', वगैरे. शिवाय प्रत्येक रांगेला एक धार काढणारा नेमून दिला, म्हणजे कुणाची जबाबदारी कुठली यात गोंधळ नको. सतराची रांग दाराजवळ होती आणि धारकाकांचे गुडघे दुखायचे, म्हणून ती त्यांना दिली.

मोठे साहेब, म्हणजे आमचे संचालक, बघायला आले. पोट पुढे, हात मागे, असे ते चारही रांगांतून फिरले. "वा," म्हणाले, "आता कसं शाळेसारखं वाटतंय."

तुमच्यापैकी जे शास्त्र शिकलेत, ते एव्हाना कपाळाला हात लावून बसले असतील. बसा. बाकीच्यांना कळेलच.

तीन महिने दूध मोजलं. आमचे हिशेबनीस होते आकडेमामा. त्यांच्यापाशी हाताने फिरवायचं एक गणकयंत्र होतं. त्याचं हँडल फिरवलं की पिठाची गिरणी सुरू झाल्यासारखा आवाज व्हायचा आणि खालून एक आकडा बाहेर यायचा. एका सकाळी त्यांनी तीनदा हँडल फिरवलं, चष्मा पुसला, चौथ्यांदा फिरवलं.

"बाई, बाकीच्या तिन्ही रांगांत गाईमागे रोज सरासरी साडेनऊ लिटर. सतराची रांग बारा."

"यंत्र बिघडलं असेल."

"तपासलं."

"मग?"

"मग वळू भारी आहे."

आम्ही दोघं उठून वळू बघायला गेलो. सतरा नंबर बुटका होता, त्याचं एक शिंग आत वळलेलं, आणि तोंडावर जेवण झालेल्या, निवृत्तीला आलेल्या माणसाचा भाव. आम्हाला बघून त्याने रवंथसुद्धा थांबवला नाही. मला तो भाव त्या दिवशी मोठा राजबिंडा वाटला.

त्यानंतर केंद्रात सतरा नंबरशिवाय दुसरा विषय राहिला नाही. मोठ्या साहेबांनी त्याच्या शेडमध्ये पंखा बसवला. पंखा स्वतःच्या खोलीतला दिला, आणि स्वतः पुठ्ठ्याने वारा घेत बसू लागले. फोटोग्राफर बोलावला. वळूचा एक फोटो, वळू आणि साहेबांचा एक, वळू आणि माझा एक. पहिला चौकटीत बसून कार्यालयात लागला. तिसरा माझ्या आईने माझ्या मावशीला पाठवला, सोबत चार पानी पत्र, की पोरीने केवढा मोठा बैल शोधून काढलाय.

"आई, बैल नाही गं. वळू."

"मावशीला काय फरक पडतो?"

मावशीचं उत्तर आठवड्यात आलं. "बैल फार छान आहे. शेजारी कोण उभं आहे?"

साहेबांना धीर नव्हता. समितीला अजून अवकाश होता, तरी त्यांनी अध्यक्षांना कळवून टाकलं की आमच्या केंद्रात असामान्य वळू सापडला आहे. समिती येण्याचा दिवस ठरला, सोमवार. बाकीच्या तिघांना न्यायला गाडी सांगितली, मंगळवारी. आणि मला खोलीत बोलावून, पुठ्ठा हलवत म्हणाले, "पोरी, तुझी ऑर्डर मी टाइप करून ठेवायला सांगितली आहे. फक्त तारीख टाकायची."

मी घरी जाऊन आईला सांगितलं. आईने गल्लीला सांगितलं.

आणि त्याच आठवड्यात धारकाकांचा हर्निया दुखायला लागला.

"दीड महिना नाही यायचो बाई," जायच्या आदल्या दिवशी ते म्हणाले. "डॉक्टर म्हणतात, ऑपरेशनशिवाय गत्यंतर नाही. ठकीला तेवढं सांभाळून घ्या. तिला अर्धवट सोडलेलं आवडत नाही."

ठकी म्हणजे त्यांच्या रांगेतली चौथी गाय. माझ्या नोंदवहीत तिला नंबर होता, पण धारकाकांनी दहाही जणींना नावं ठेवली होती. मला वाटलं, ते धारेबद्दल बोलतायत. म्हटलं, "काळजी करू नका, शेवटच्या थेंबापर्यंत काढायला सांगते."

त्यांच्या जागी बदली आला तो पैलवान. हे त्याचं टोपणनाव, पण त्याला बघितल्यावर दुसरं नाव सुचलंच नसतं. धारकाकांना दहा गाईंना दीड तास लागायचा. पैलवानाने चाळीस मिनिटांत उरकलं आणि मनगटं झटकत विचारलं, "अजून आहेत का?" मी खूश होऊन त्याच्या नावाने शाबासकीची चिठ्ठीसुद्धा लिहिली. ती चिठ्ठी आज माझ्याकडे नाही, याचं समाधान आहे.

दुसऱ्या दिवशी सतराच्या रांगेचं दूध दहा लिटरवर आलं. चौथ्या दिवशी नऊ. आठवड्याच्या शेवटी आठ. म्हणजे बाकीच्या रांगांच्याही खाली. दहाही जणी पान्हा चोरत होत्या. पैलवान सड ओढायचा आणि गाई समोरच्या भिंतीकडे बघत उभ्या राहायच्या, परीक्षेला बसून कोरा पेपर द्यायचं ठरवलेल्या मुलींसारख्या.

समितीला दहा दिवस राहिले होते.

पहिल्यांदा गुरांचे डॉक्टर आले. त्यांनी दहाही जणींचा ताप बघितला, पोटं बघितली, डोळे बघितले. मग माझ्याकडे बघितलं.

"गाई ठणठणीत आहेत. तुम्हाला ताप आहे का?"

मग साहेबांनी सूत्रं हातात घेतली. "खुराक वाढवा," म्हणाले. खुराक वाढवला. दूध वाढलं नाही, शेण पातळ झालं. सतराच्या रांगेत साफसफाईला दोन माणसं जास्त लागू लागली, आणि बाकीच्या तीस जणी शेजारच्या गव्हाणीतला खुराक बघून हंबरायला लागल्या.

"उकडत असेल त्यांना," साहेब म्हणाले. "बापाचा पंखा मुलींना लावा."

पंखा आणून सतराच्या रांगेसमोर उभा केला. तो सुरू झाला मात्र, ठकीने जन्मात पहिल्यांदा पंखा बघितला आणि दावं तोडलं. तोडून ती पळाली नाही. शिकल्यासवरल्यासारखी वळली आणि पैलवानाच्या हातातली बादली मागच्या पायाने उडवली. बादलीत होतं तेवढं दूध साहेबांच्या पोटावर गेलं. बादली 'सतरा नंबरच्या कन्या' या पाटीवर आपटली. पाटी खाली आली ती पैलवानाच्या अंगठ्यावर.

इकडे पंखा गेल्यामुळे सतरा नंबर बिथरला. एरवी तोंडातून आवाज न काढणारा तो प्राणी दिवसभर डुरकायला लागला. त्याच्या डुरकण्याने उरलेल्या तिन्ही रांगा पान्हा चोरायला लागल्या. संध्याकाळी आकडेमामांनी हँडल फिरवलं आणि हळूच म्हणाले, "बाई, आता चारही वळू सारखेच वाईट आहेत."

साहेब शर्ट वाळत घालून बनियनवर खोलीत बसले होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "ती ऑर्डर टाइप झाली आहे. टाइप झालेला कागद फाडताही येतो."

त्या रात्री मी झोपले नाही, असं लिहायला हवं, पण खरं म्हणजे मी ढाराढूर झोपले. चोविसाव्या वर्षी झोप काळजीला जुमानत नाही. सकाळी उठून मात्र थेट दवाखाना गाठला. म्हटलं, रांगेत आधी काही दुखणं होतं का, हे धारकाकांना तरी माहीत असेल.

ते खाटेवर बसले होते. शेजारी काकू सफरचंद कापत होत्या, पायथ्याशी त्यांची एकुलती एक मुलगी अभ्यासाचं पुस्तक घेऊन बसली होती.

"आलात? ठकी कशी आहे?" त्यांनी पहिलं हेच विचारलं.

मी सगळं सांगितलं. आठ लिटर, खुराक, पंखा, बादली. ते ऐकताना त्यांचा चेहरा असा झाला, जसं मी त्यांच्याच घरातल्यांनी अन्न सोडल्याचं सांगत होते.

"साहजिक आहे," ते म्हणाले. "त्यांना कुणी सांगितलंच नसेल."

"काय सांगितलं नसेल?"

"माझ्या मेव्हण्याचं. तो घर विकायला निघाला होता ना. भाऊ सही देईना. इथपर्यंत मी सोमवारी सांगितलं, आणि मंगळवारी इकडे भरती झालो."

"काका, गाईंना?"

"मग काय बादलीला सांगू? पहिल्या गाईपाशी बसलो की सुरुवात करायची. दहावीपाशी उठेपर्यंत तेवढ्या दिवसाचं होतं. हात चालतो, तोंड चालतं. घाई करायची नाही. सुरुवातीला कोमट पाण्याने कास धुवायची, दोन शब्द बोलायचे, मग ती आपणहून पान्हवते."

शेजारच्या खाटेवरचा माणूस उठून बसला. "मेव्हण्याचं मलाही माहिती आहे," तो म्हणाला. "भावाची चूक आहे."

काकूंनी सुरी खाली ठेवली. "गाईंना एवढं सगळं सांगता? मी विचारलं की 'हं' म्हणता."

"तू मध्ये बोलतेस," धारकाका म्हणाले.

मुलीने पुस्तकातून डोकं वर केलं नाही. नुसती म्हणाली, "मला सगळं माहिती आहे. सुट्टीत मी गोठ्यात बसून ऐकते. ठकीला मामाचं आवडतं, लाजरीला आवडत नाही."

मी बाहेर येऊन बाकावर बसले. रांग एक, बाप एक आणि धार काढणारा एक. ही तिन्ही मी माझ्या हाताने एकत्र बांधली होती, वर पाटी लावली होती. आधी गाई विखुरलेल्या होत्या तेव्हा प्रत्येक वळूच्या थोड्या-थोड्या मुली धारकाकांच्या वाट्याला आल्या असत्या. कुणावर अन्याय झाला नसता. चपलांचा तो पसारा म्हणजेच खरं शास्त्र होतं, आणि मी तो आवरून ठेवला होता. अडीच लिटर जास्त दूध सतरा नंबरच्या रक्तातून येत नव्हतं. ते मेव्हण्याच्या घराच्या भानगडीतून येत होतं.

केंद्रात परत येऊन मी आकडेमामांना सांगितलं. त्यांनी हँडलवर हात ठेवला, फिरवलं नाही.

"बाई, एक बोलू? रविवारपर्यंत धारकाका घरी येतायत. त्यांना नुसतं आणून बसवा. आकडे पुन्हा वर जातील. समिती येईल, बघेल, जाईल. तुम्ही कायम."

"आणि बाकीचे तिघे वळू?"

"मंगळवारी गाडी येतेच आहे."

खोटं कशाला सांगू, मी तो विचार पूर्ण एक दिवस केला. मधल्या वेळात स्वतः सतराच्या रांगेत बसून बघितलं. म्हटलं, बोलायचंच असेल तर मीही बोलू शकते. ठकीला मी दहाचा नियम समजावून सांगितला. तिने माझ्या कोटाची बाही चावायला घेतली. लांब कोटाचा आयुष्यात तेवढा एकच फायदा झाला, की बाहीत हात नव्हता.

उठताना समोरच्या शेडमधला बावीस नंबर दिसला. त्याच्यावर कुणी पंखा लावला नव्हता, त्याचा फोटो कुणी काढला नव्हता. त्याच्या मुलींची धार असा एक गृहस्थ काढायचा, जो गाईंशीच काय, माणसांशीही भांडल्याशिवाय बोलायचा नाही. मंगळवारी हा गाडीत चढणार, आणि का, तर मला रांगा सरळ हव्या होत्या म्हणून.

सोमवारी सकाळी मी साहेबांच्या मागे लागले. ते चौकटीतला फोटो सरळ करत होते.

"साहेब, मला सांगायचं आहे..."

"समितीसमोर सांग. मोकळेपणाने. लाजायचं नाही."

"पण साहेब, ते..."

"सगळं श्रेय तुझं, असं मीच त्यांना सांगणार आहे."

समितीत तिघे होते. अध्यक्ष म्हणजे पांढऱ्या भिवयांचे वयस्कर शास्त्रज्ञ, ज्यांचं पुस्तक मी पाठ केलं होतं. साहेबांनी त्यांना गोठ्यात आणलं, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "ही आमची हुशार मुलगी. हे सगळं हिचं."

"बोला," अध्यक्ष म्हणाले.

मी म्हणाले, "सर, गुण वळूचा नाही. धारकाकांचा आहे."

सतरा नंबर लांबून डुरकला. साहेबांचा हात माझ्या पाठीवरून असा निघाला, जसा तापलेल्या तव्यावरून निघावा.

अध्यक्ष चारही पाट्या वाचत गेले आणि परत आले. "या गाई बापाप्रमाणे रांगेत उभ्या केल्या आहेत?"

"हो सर."

"प्रत्येक रांगेला एक माणूस?"

"हो सर."

"का?"

मी पदवीचं सगळं आठवून बघितलं. मग खरं ते सांगितलं. "नीट दिसतात, सर."

त्यांच्या भिवया हलल्या. "आणि तो गुण माणसाचा आहे, हे तुम्ही सिद्ध करू शकता?"

तेवढी तयारी मी केली होती. धारकाका पोट सांभाळत आत आले. त्यांना धार काढायची मनाई होती, वाकायची मनाई होती. बोलायची मनाई डॉक्टरांना सुचली नव्हती. ठकीशेजारी स्टूल ठेवलं, ते बसले. पलीकडे अंगठ्याला पट्टी बांधलेला पैलवान बादली घेऊन बसला, या खेपेस कोमट पाणी घेऊन.

"अगं, काय सांगू," धारकाका ठकीला म्हणाले. "मला भुलीचं इंजेक्शन दिलं आणि शुद्ध आली तेव्हा समोर कोण? मेव्हणा. म्हणतो, भाऊ सही द्यायला तयार आहे, पण एका अटीवर."

ठकीने कान फिरवले. मग मान फिरवली. पैलवानाच्या बादलीत पहिली धार वाजली, आणि मग थांबेचना. पुढच्या गाईही माना वळवून बघायला लागल्या. स्टूल एक-एक गाय पुढे सरकत गेलं. त्यामागे पैलवान, त्यामागे समिती. सातव्या गाईपाशी धारकाका श्वास घ्यायला थांबले, तेव्हा पैलवान बादली विसरून म्हणाला, "मग? अट कुठली?"

"मध्ये बोलू नका," अध्यक्ष त्याला म्हणाले.

आकडेमामांनी तिथेच माप घेतलं. रोजच्या सरासरीचं सोडा, पण त्या एका धारेला रांगेने आपलं जुनं दूध पूर्ण दिलं होतं.

अध्यक्षांनी चष्मा काढला. "चाळीस वर्षांत मी खूप केंद्रं बघितली," ते म्हणाले. "आपला प्रयोग चुकला, असं मला तिघांनी सांगितलं आहे. पण ते मी पकडल्यावर." मग साहेबांकडे वळून म्हणाले, "या मुलीला कायम करा. आणि गाई पुन्हा जशा होत्या तशा विस्कटून टाका. मंगळवारची गाडी परत पाठवा."

साहेबांनी चारही पाट्यांकडे एकदा बघितलं. मग म्हणाले, "मी पहिल्यापासून म्हणत होतो, शाळेसारखं वाटतंय."

पाट्या उतरल्या. गाई विस्कटल्या. धारकाका बरे झाल्यावर रोज वेगळ्या दहा जणींपाशी बसायचे, त्यामुळे एका गाईला मेव्हण्याची सुरुवात कळायची आणि दुसरीला शेवट. वर्षभराने निकाल लागला. बावीस नंबर पहिला. पुढे किती तरी वर्षं त्याची वासरं गावोगाव जन्मली, आणि त्यांतल्या पुष्कळांचे आकडे माझ्या हातून गेले. चांगले आकडे होते. आजही कुठे एखादी शांत, भरल्या कासेची गाय दिसली, की मी मनात म्हणते, ही त्या मंगळवारच्या गाडीत न चढलेल्याची पणती-खापरपणती असेल. असेलच असं नाही. पण म्हणायला कोण आडवं येतंय?

सतरा नंबर चौघांत तिसरा आला. त्यालाही गाडीत चढवू दिलं नाही मी. धारकाकांच्या हवाली केला, आणि तो म्हातारा होऊन शेडमध्येच गेला. चौकटीतला फोटो मात्र साहेबांनी बदलला नाही. ते म्हणाले, एका बाजूने दोघे सारखेच दिसतात. खालचा नंबर तेवढा बदलला. मावशीला कळवलं नाही.

सहा वर्षांनी धारकाका निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी त्यांची मुलगी लागली. आता माझी नजर तयार झाली होती, म्हणून मी पहिल्याच महिन्यात नोंदी वेगळ्या काढल्या. तिने धार काढलेल्या गाई बाकीच्यांपेक्षा दोन लिटर पुढे. एकदा दाराआड उभी राहून ऐकलं. ती गाईला सांगत होती, "आणि मग बाबा आईला काय म्हणाले असतील?"

एके दिवशी धारकाका ठकीला बघायला आले. काकू फाटकापाशी थांबल्या होत्या. मी धारकाकांना नोंदवही दाखवली. त्यांनी तो आकडा बोटाने दोनदा पुसला, खरा आहे की शाईचा डाग आहे ते बघायला.

"बाई," ते म्हणाले, "तुमच्या शास्त्रात याला काय म्हणतात? माझा गुण पोरीत उतरला, असंच ना?"

मला हो म्हणायचं होतं. पण पोस्टमनलाही ऐकवलेला नियम मी त्यांच्यासाठी कसा मोडणार?

"काका, एका मुलीवरून काही सांगता येत नाही. किमान दहा लागतात."

धारकाकांनी गंभीरपणे विचार केला. फाटकाकडे वळून काकूंकडे एकदा नीट बघितलं. मग मान हलवली.

"आता नाही जमायचं, बाई."